दुसरा झगा

सालोमियानं पांढरे झगे दोन शिवले होते, आणि दुसरा कुणाचा हे आईला सांगायची हिंमत घरात कुणालाच होत नव्हती.

पहिला तिच्या लेकीचा, एस्तेराचा. पोरीनं तो सकाळपासून चारदा घालून पाहिला होता. उद्या पेंटेकॉस्टचा, पवित्र आत्म्याच्या सणाचा रविवार. गावाखाली क्रिश नदी जिथे वळते तिथे सात जणांचा बाप्तिस्मा होणार होता. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून खालच्या पट्टीत शिशाचे मणी घालतात, कोळी जाळ्याला लावतात तसले. एस्तेराच्या पट्टीत बारा बसले. दुसऱ्या झग्याला चोवीसही कमी पडतील, एवढा तो ऐसपैस होता.

घरात लग्नघराची धांदल होती. सालोमियाचा भाऊ बेनियामिन स्पेनहून दोन दिवस व्हॅन हाकत आला होता आणि येताच अंगणात सतरंज्या झटकू लागला होता. चुलीवर कोबीच्या पानांत गुंडाळलेले सरमाले रटरटत होते. तळघरातल्या फुलांच्या सरबतानं, सोकातानं, यंदा जरा जास्तच जोर धरला होता. मधूनच एखादं बूच फाटकन उडायचं आणि एस्तेरा टाळ्या वाजवायची. सालोमियाचेही हात कामावर ठरत नव्हते. लेकीच्या आनंदानं तिचा ऊर भरून येत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या झग्याकडे नजर गेली की ती तळघराच्या दाराकडे बघून घेत होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. तिची आई फ्लोआर्या दोन बाटल्या काखेत मारून तळघरातून वर आली आणि शिवणयंत्रापाशी थबकली.

"हा तंबू कुणाचा गं?"

"आई, ते..."

"पाळकाचा म्हणू नकोस. तो काडीसारखा आहे. दोन पाळक मावतील यात."

"माझा आहे," दारातून आवाज आला.

तेओफिल उभा होता. सालोमियाचा बाप, वय अठ्ठ्याहत्तर. गवंडीकाम करून रुंदावलेले खांदे हिवाळ्यातल्या दुखण्यानंतर जरा उतरले होते, पण दार अजून भरत होतं.

"तुझा? तू कशाला पाण्यात उतरतोयस? पाळकाला धरायला?"

"बाप्तिस्मा घ्यायला."

फ्लोआर्यानं बाटल्या टेबलावर ठेवल्या, सावकाश. सालोमियानं कात्री उचलून पलीकडे सरकवली. उगाच.

"तुझा बाप्तिस्मा झालाय, तेओफिल. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी. मी काठावर उभी होते. टॉवेल माझ्याच हातात होता."

"तो खरा नव्हता. तुझ्या बापानं अट घातली होती, बाप्तिस्मा नाही तर पोरगी नाही. मी तुझ्यासाठी पाण्यात गेलो, फ्लोआर्या. देवासाठी नाही."

दुसरी एखादी बाई हे ऐकून या वयातही लाजली असती. फ्लोआर्या लाजणाऱ्यांतली नव्हती.

"म्हणजे सत्तावन्न वर्षं मी देवाला फसवून मिळवलेल्या नवऱ्याबरोबर संसार केला? आणि तीस वर्षं तू मंडळीचा मुख्य पंच होतास, लोकांना शहाणपण शिकवलंस, ते सगळं कोरड्या अंगानं?"

"आई, त्यात रागावण्यासारखं काय आहे?" बेनियामिन आत आला. तो बापाच्या बाजूनं होता आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "आजोबा आणि नात एकाच दिवशी पाण्यात! अख्ख्या खोऱ्यात असं झालेलं नाही. मी सगळं चित्रित करणार. तिकडच्या आपल्या मंडळीत दाखवीन, लोक रडतील."

"तू आधी तुझं घर बांधून दाखव," बाप आणि आई एकाच वेळी म्हणाले, आणि या एका बाबतीत एकमत झाल्यानं दोघंही जरा ओशाळले.

बेनियामिनच्या घराची गोष्ट गावाला पाठ होती. अंगणापलीकडे त्यानं बारा वर्षांपूर्वी पाया घातला. दुसऱ्या उन्हाळ्यात स्पेनहून मोठा नकाशा घेऊन आला आणि पाया उखडून मोठा घातला. चार वर्षांपूर्वी तिसरा. दर वेळी केक कापला, फोटो काढले. भिंत मात्र एकही चढली नाही. आता त्या पायात काटेरी झुडपं माजली होती आणि फ्लोआर्याच्या कोंबड्या तिथे चोरून अंडी घालत होत्या.

*

दुपारी पाळक जेवायला आला. योशुआ पाळक तेहेतीस वर्षांचा. गावात येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे जुन्या गोष्टी त्याला ऐकूनच माहीत. तेओफिलचं मनोगत त्याला आधीच कळलं होतं आणि तोही हरखून गेला होता. शेजारच्या तीन गावांच्या मंडळ्या येणार, त्यांचं पितळी बँडपथक येणार. इतक्या मोठ्या माणसानं एवढं लीन व्हावं, यासारखी साक्ष दुसरी कुठली?

"अंगात विश्वास नसताना घेतलेला बाप्तिस्मा तो बाप्तिस्माच नव्हे," तो सरमाल्यावर मलई घालत म्हणाला. "तेव्हा नियमाची अडचण नाही. पंचांनीही होकार दिलाय."

"बघा!" बेनियामिन म्हणाला.

"माझी अडचण आहे," फ्लोआर्या म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही."

"आई, पाळकसाहेबांना जेवू दे."

"जेवू दे की. तोंडानं जेवतायत, कानानं ऐकतील."

तेओफिल ताटाकडे बघत होता. मग हळूच बोलू लागला, आणि सालोमियाला त्याचा आवाज अनोळखी वाटला.

"फेब्रुवारीत दवाखान्यात पडलो होतो तेव्हा वाटलं, झालं, आता निघायचं. मी देवाचं नाव घेतलं. आणि आतून काहीच आलं नाही, साहेब. शांती नाही, काही नाही. दार वाजवतोय आणि घरात कुणी नाही, तसं. तेव्हा समजलं की माझ्यात सुरुवातीचंच काहीतरी चुकलंय. म्हणून पहिल्यापासून सगळं करायचं. पश्चात्ताप, बाप्तिस्मा, सगळं."

एस्तेराचे डोळे भरून आले. फ्लोआर्यानं मुकाट्यानं त्याच्या ताटात आणखी एक सरमाला वाढला.

"फारच सुंदर," पाळक म्हणाला. "आता मी सातही जणांना जो शेवटचा प्रश्न विचारला, तो तुम्हालाही विचारतो. एस्तेरा, तुझं उत्तर आधी सांग. रविवारी तू पाण्यातून वर येशील. सोमवारी काय करशील?"

एस्तेरा लाजली. सतरा वर्षांची पोर, पण थापा मारणारी नव्हती.

"सोमवारी सणाची सुट्टी आहे. माझ्या वर्गातल्या रोदिकाला गाठीन. तिच्या माघारी मी तिच्या आईबद्दल वाईट बोललेय, ते तिला सांगीन. ती मारेल बहुतेक."

सगळे हसले. पाळकही हसला. "आणि तुम्ही, तेओफिल काका?"

"सोमवारी?" म्हातारा गडबडला. तीस वर्षं त्यानं लोकांना प्रश्न विचारले होते, त्याला कुणी विचारला नव्हता. "सोमवारी... मनाला शांती असेल."

"आणि बुधवारी ती परत गेली तर?" फ्लोआर्यानं विचारलं. "सालोमियाला तिसरा झगा शिवायला सांगू?"

"आई!"

"आजोबा," एस्तेरा हसत हसतच म्हणाली, "हे बेनीमामाच्या घरासारखं झालं की. पाया, पाया आणि पाया."

तिनं ते गंमतीत म्हटलं. पण बेनियामिनचा चमचा तोंडाशी राहिला. पाळकाचा चेहरा आधी हसरा होता, तो हळूहळू बदलत गेला, कारण इतक्या दिवसांत हे आपल्याला कसं सुचलं नाही असं त्याला वाटलं असावं. तेओफिलनं नातीकडे पाहिलं. मग हातरुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि उठून बाहेर गेला.

"मी काय बोलले?" एस्तेरा रडवेली झाली. "आई, मी काय बोलले?"

"बरोबर बोललीस," फ्लोआर्या म्हणाली. "म्हणूनच जेवण सोडून उठला."

*

तो बेनियामिनच्या पायावर बसला होता, काटेरी झुडपांच्या कडेला. सालोमिया जाऊन शेजारी टेकली. एक कोंबडी फडफडत बाहेर पळाली.

"पाया चांगला आहे," तेओफिल म्हणाला. "पहिलासुद्धा चांगला होता. मीच घातला होता. उखडायची काही गरज नव्हती."

"बाबा, तुमचाही चांगलाच होता."

त्यानं पायातला एक खडा उचलून झुडपात टाकला.

"तुमचा बाप्तिस्मा खोटा नव्हता. आईसाठी गेलात तर गेलात. पुढे काय तुम्ही देवाला सोडलंत? पहाटे गुडघ्यावर बसलेले मी बघितलेत तुम्हाला, लहानपणापासून. तुम्हाला टोचतंय ते पाण्यातलं नाही." ही गोष्ट या घरात एकतीस वर्षांत कुणी तोंडातून काढली नव्हती. "निकोदिमकाका टोचतायत. आणि वेतुरिया."

तेओफिलनं डोळे मिटले.

एकतीस वर्षांपूर्वी तेओफिलच्या भावाच्या, निकोदिमच्या, थोरल्या मुलीचं लग्न झालं. जावई बाहेरचा, फिडलवाले घेऊन आलेला. मंडळीच्या नियमात नाच बसत नव्हता, म्हणून तेओफिल लग्नाला गेलाच नाही, पण सालोमिया गेली. निकोदिमची धाकटी वेतुरिया एका पायानं अधू होती. वय वीस. संध्याकाळभर ती भिंतीशी बसली होती, तिच्याकडे एकही पोरगा फिरकला नाही. शेवटी निकोदिम उठला, लेकीचा हात धरला आणि तिच्या लंगडत्या पावलाला पाऊल जुळवत एक फेरी नाचला. एकच. वेतुरियाचा चेहरा तेव्हा कसा उजळला होता! सालोमिया धावतच घरी आली होती आणि धापा टाकत बापाला म्हणाली होती, "वेतुरिया नाचली! बाबा, वेतुरिया नाचली!"

पुढच्या रविवारी मुख्य पंच तेओफिलनं सगळ्या मंडळीसमोर सख्ख्या भावाला उभं केलं. नाचलास का? निकोदिम म्हणाला, नाचलो. कुणाबरोबर, कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि तेओफिलनं विचारलं नाही. सहा महिने शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, अशी शिक्षा झाली. सहा महिने संपले. निकोदिम मात्र शेवटच्याच बाकावर बसत राहिला, आजतागायत. दोघे भाऊ दर रविवारी मंडळीच्या प्रार्थनामंदिराच्या दारात एकमेकांना "शांती असो" म्हणत, आणि त्याखेरीज एक शब्द बोलत नसत. आपण शांती राखून आहोत, अशी दोघांचीही समजूत होती.

"मीच तुम्हाला सांगितलं," सालोमिया म्हणाली. तिला रडू आवरेना. "वेतुरिया माझी मैत्रीण होती. त्या दिवसापासून तिनं मला घरात घेतलं नाही. मी गप्प बसले असते तर..."

"तू रड नकोस." तेओफिलनं तिचा हात घट्ट धरला. हात अजून दगडासारखा होता. "तू आनंद सांगायला आलीस. गुन्हा मी ऐकला. मला माहीत होतं तो का नाचला. सगळं माहीत होतं. मंडळीसमोर एक वाक्य बोललो असतो तर लोकांनी त्याला सोडून दिलं असतं. पण मी नवा मुख्य पंच होतो, सालोमिया. सख्ख्या भावालाही सोडत नाही, असं लोकांनी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि म्हणालेही."

"मग आता जा ना त्यांच्याकडे. आत्ता जा. दहा घरं टाकून तर राहतात."

"पाण्यात उतरणं सोपं आहे गं," म्हातारा म्हणाला. "तिथे पाळक धरून असतो."

तो उठला, पँट झटकली आणि घरात न जाता परसात निघून गेला. झग्याचं काय करायचं हे त्यानं सांगितलं नाही. सालोमियानं पट्टीत मणी भरून ठेवले. हात चालू असले की रडू कमी येतं.

*

रविवारी सकाळी नदीकाठी मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही गावांचे लोक, नातेवाईक, फुलांचे गुच्छ, घोंगड्या, थर्मास. बँडपथकानं वाजवायला सुरुवात केली आणि पलीकडच्या काठावरच्या गाई चरायच्या थांबल्या. बेनियामिन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला होता, हातात फोन. आईनं दुसरा झगा इस्त्री करून आणला होता. सालोमियाला त्याचं नवल वाटलं.

"घालतोय तर नीट घालू दे," फ्लोआर्या म्हणाली. "चुरगळलेला घालून देवापुढे कशाला जायचं?"

पण तेओफिल आला तो काळ्या सुटात. पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट. लोकांत कुजबुज सुरू झाली. पाळकानं पाण्यातून त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, नाही. बेनियामिनचा फोन खाली आला. सालोमियानं आईच्या हातातला इस्त्रीचा झगा घेऊन त्याची घडी घातली.

मग एस्तेराची पाळी आली. ती पाण्यात शिरली, पट्टीतल्या मण्यांनी झगा खाली धरून ठेवला, पाळकानं तिला पाठीवर झुकवलं आणि पाणी तिच्यावरून गेलं. वर आली तेव्हा ती हसत होती, ठसका लागला होता, केस तोंडावर आले होते. काठावर टॉवेल घेऊन तेओफिल उभा होता. त्यानं नातीला गुंडाळलं आणि तिच्या ओल्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"रोदिकाला उद्या सांगणार आहेस ना?"

"हो, आजोबा."

"मी आजच सांगतो."

*

बाप्तिस्म्यानंतर मंडळी मंदिरात जमली, प्रभुभोजनाला. आत गर्दीनं उकडत होतं, सात जणांचे ओले केस पहिल्या बाकावर रांगेनं चमकत होते. सालोमिया तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली. शेवटच्या बाकावर, दाराशी, निकोदिम आणि वेतुरिया नेहमीसारखे होते. वेतुरियाची काठी भिंतीला टेकलेली.

पाळकानं भाकर उचलण्याआधी तेओफिल उठला.

"मला मंडळीशी बोलायचंय. मी पुन्हा बाप्तिस्मा घेणार होतो, तो घेणार नाही. पहिला झालाय, तोच पुरे. पुढचं करायचं राहिलंय." त्यानं समोरच्या बाकाची पाठ धरली. "एकतीस वर्षांपूर्वी मी माझ्या भावाला याच जागी उभं केलं. तो नाचला हे मी तुम्हाला सांगितलं. वेतुरियाला कुणी नाचायला बोलवत नव्हतं म्हणून तिच्या बापानं तिचा हात धरला, हे मला माहीत होतं, ते मी सांगितलं नाही. तुमच्यापासून लपवलं. माझं नाव व्हावं म्हणून."

त्यानं मागे, शेवटच्या बाकाकडे तोंड वळवलं.

"जे सगळ्यांसमोर केलं ते सगळ्यांसमोरच फिरवायला हवं. निकोदिम, मी चुकलो. वेतुरिया, तुझ्या आयुष्यातला तो एक नाच मी तुझ्याकडून हिसकावला. मला क्षमा कर, म्हणायचीही मला लाज वाटते. मंडळीला माझी विनंती आहे, त्याला दिली तीच शिक्षा मला द्या. सहा महिने शेवटचा बाक, आणि भाकर नाही."

पाळक गोंधळून गेला. "काका, मत घ्यावं लागेल... म्हणजे, कुणाचा पाठिंबा असेल तर..."

एक हात ताडकन वर गेला. फ्लोआर्याचा.

"आई!" बेनियामिन कुजबुजला.

"त्यानं मागितलंय ना? मग द्या," फ्लोआर्या म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "पहिल्यांदा शहाण्यासारखं काहीतरी मागितलंय."

एकामागून एक हात वर गेले. सालोमियानंही हात वर केला, आणि तो वर करताना तिला वाटलं, आपण एवढ्या मोठ्या झालो तरी बापाचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

तेओफिल मधल्या वाटेनं मागे चालत गेला. शेवटच्या बाकापाशी पोचायला त्याला बराच वेळ लागला. निकोदिमनं हात वर केला नव्हता. तो सरळ समोर बघत होता. तेओफिल बाकाच्या टोकाशी थांबला, बसू का, असं विचारायचंही त्याला सुचेना.

वेतुरियानं काठी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून आपल्या आणि बापाच्या मध्ये जागा केली.

"बसा, काका," ती म्हणाली. "इथे वारा चांगला येतो."

प्रभुभोजन सुरू झालं. भाकरीचं ताट बाकाबाकावरून मागे येत राहिलं. सालोमिया मान वळवून उघडपणे बघत होती, सगळेच बघत होते. ताट शेवटच्या बाकावर आलं. वेतुरियानं तुकडा घेतला. तेओफिलनं हात मांडीवर घट्ट दाबून धरला आणि ताट पुढे जाऊ दिलं. निकोदिमनं तुकडा उचलला. मग त्यानं तो मोडला, अर्धा आपल्या भावाच्या हातात दिला आणि त्याची बोटं मिटवली.

"मंडळीनं मना केलंय मला," तेओफिल कसाबसा म्हणाला.

"मी हात वर केला नव्हता," निकोदिम म्हणाला. "खा. एकतीस वर्षं एकटाच खातोय, कंटाळलो आता."